बाबा थांबायचे तेव्हा

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, हे पाळकाच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. मला ते बोलता यायच्या आधीपासून ठाऊक असावं. तरीही पंधरा संपून सोळावं लागलं तेव्हा मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायला लागले आणि पुढं दीड वर्ष ते कधी मिटले नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांच्या माना खाली गेल्या की दोघीच बघत असायचो. पेटीवर बसलेली मी, आणि बायकांच्या बाजूला खिडकीशी बसलेली आई. आम्ही दोघी बाबांच्या उजव्या हाताकडं बघायचो.

बाबांना जाऊन आता चौदा महिने झाले. याआधी दोनदा मी हे लिहायला बसले आणि अर्ध्या पानावर उठले. या खेपेला घाई न करता लिहायचं ठरवलं आहे.

नव्वद सालानंतरचे दिवस. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आमची बॅप्टिस्ट मंडळी होती. मंडळी म्हणजे तीस-पस्तीस माणसं. दोन शिक्षक, एक नर्सबाई, पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि उसाच्या रानात कामाला जाणारी सहा-सात घरं. चर्च कौलारू, त्याच्या मागं दोन खोल्या, आणि त्यात आम्ही तिघं. बाबा सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जायचे. आजाऱ्यापाशी बसायचे, लष्करातल्या मुलांना आयांची पत्रं लिहून द्यायचे, रविवारी भक्ती चालवायचे. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण ते बोलत असताना कुणी चुळबुळ करत नसे.

पहिल्यांदा झालं ते भक्तीच्या शेवटी, आशीर्वाद देताना. बाबांनी डावा हात वर केला, दोन-चार शब्द म्हटले आणि ते थांबले. मला वाटलं, पुढचं आठवत नसेल. मी मान वर केली. बाबांचे डोळे उघडे होते, पण ते कुणाकडंच बघत नव्हते. ओठ काहीतरी चघळत असल्यासारखे हलत होते. उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी चाळा करत होती, बटण काढायचंय पण जमत नाही अशी. मी पेटीचा भाता धरून बसले. मग ते एकदम म्हणाले, "आमेन." आशीर्वाद अर्धाच झाला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

दारात सुभेदारांनी बाबांचा हात हातात घेतला. "सलाम, पाळकसाहेब! काय प्रार्थना होती! मध्ये एवढा सन्नाटा झाला, मला वाटलं ड्यूटीवरच उभा हाय. एकदम अटेन्शन!"

"कसला सन्नाटा?" बाबा म्हणाले.

"बघा, यांना पत्तासुद्धा न्हाई," सुभेदार नर्सबाईंकडं वळून हसले. "असा माणूस पायजे प्रार्थनेला."

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं, तिनंही बघितलं होतं.

पुढच्या महिन्यांत ते पुन्हा पुन्हा होत गेलं. जेवताना, वाचताना, कधी पाठीमागच्या दारात उभे असताना. पडणं नाही, ओरडणं नाही, तोंडाला फेस नाही. नुसते थांबायचे. अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. मग परत यायचे आणि मधलं काहीच त्यांना माहीत नसायचं. आम्ही दोघी आपसांत त्याला 'थांबणं' म्हणायला लागलो. मी शाळेतून आले की आई भाकरी थापता थापता विचारायची, "आज थांबले होते का गं वाटेत कुठं?" मला उत्तर ठाऊक नसायचं. रस्त्यावर सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत मी पुस्तक उघडून त्याच पानावर बसलेली असायचे.

आणि मंडळीत बाबांचा मान वाढत चालला होता. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. 'पाळकसाहेब प्रार्थनेत हरवतात' असं लोक बोलायला लागले. बाबा थांबले की लोक डोळे आणखी घट्ट मिटायचे. एकदा तर शेवटच्या बाकावर एक बाई हुंदके देऊन रडली. घरोघरच्या प्रार्थनेची बोलावणी वाढली. आमच्या भागात फेफऱ्याच्या माणसाला बाहेरचं झालंय म्हणत. असल्या माणसांना बाबांकडंच प्रार्थनेला आणत. बाबा त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे, मग घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचे, डॉक्टरकडं न्या, हा आजार आहे. आता हे त्यांनी स्वतःला कसं सांगायचं, आणि मंडळीला कसं?

शेवटी आईनंच बाबांना थांबण्याचं सांगितलं. एका सोमवारी, जेवणं झाल्यावर. बाबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते बराच वेळ ताटातल्या मिठाकडं बघत बसले.

सांगलीच्या मावशीकडं जातोय असं सांगून आम्ही रहिमतपूरहून पॅसेंजर पकडली आणि मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, मेंदूचा आजार आहे, फेफऱ्यातलाच एक प्रकार, यात लाजण्यासारखं काही नाही. दोन वेळच्या गोळ्या, चुकवायच्या नाहीत. सायकल नको, उंचावर चढणं नको, पाण्यात एकट्यानं उतरणं नको.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "पाण्यात एकट्यानं उतरू नका म्हणे. मी कुठं एकटा उतरतो? माझ्याबरोबर पाण्यात कायम कुणीतरी असतंच."

ते गंमत म्हणूनच बोलले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मला मात्र त्या वाक्यानं गार केलं. ती गोष्ट तोपर्यंत माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

आमच्याकडं तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस कळता झाला, त्यानं स्वतः ठरवलं, मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, मंडळीनं हात वर करून मान्य केलं, तरच. आणि मग पाण्याचे थेंब शिंपडून चालत नाही. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो. समोरचा माणूस छातीवर हातांची फुली करतो. पाळकाचा एक हात त्याच्या मानेखाली, दुसरा त्या फुलीवर. तिन्ही नावं घेऊन तो त्याला मागं झुकवतो, पूर्ण पाण्याखाली नेतो आणि वर काढतो. जुना माणूस मेला, नवा उठला, असा त्याचा अर्थ. खाली जाणारा स्वतःहून काही करत नाही. त्यानं अंग सैल सोडायचं असतं. पाळक वर काढणार, हा भरवसा.

गोळ्यांनी फरक पडला. महिना महिना थांबणं नसायचं. पहिल्या वर्षी बाप्तिस्म्याला कुणी उभंच राहिलं नाही आणि आई-मी सुटलो. दुसऱ्या वर्षी दोघं उभे राहिले. एक नर्सबाईंचा कॉलेजात जाणारा मुलगा, आणि दुसऱ्या सत्तरीच्या एक आजी. या आजी वीस वर्षं चर्चला येत होत्या, पण पाण्याच्या भीतीनं त्यांनी बाप्तिस्मा लांबवला होता.

चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद होता. त्यात एवढं भय नव्हतं. भिंत धरता येते, आई दोन पावलांवर उभी राहू शकते. पण त्या थंडीत हौद भरून बघितला तर सकाळपर्यंत तळाला चीर पडून कोरडा. सुभेदार म्हणाले, "नदी हाय की! आमच्या बापाला कृष्णेतच घेतलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीही.

आजी घरी आल्या. आईनं चहा दिला. त्या बशीत ओतत म्हणाल्या, "आवं पाळकसायेब, हौद निराळा आन् नदी निराळी. मी जन्मात कवा नदीत उतरले न्हाई. तुमी मला सोडणार न्हाई न्हवं?"

"नाही सोडणार, आजी."

"आन् लय येळ आत ठिवू नगा. तुमची प्रार्थना लय लांबती."

बाबा हसले, आजी हसल्या. आई आत गेली. मी बघितलं, ती फडताळाला धरून उभी होती.

नदीत पाळकाबरोबर फक्त बाप्तिस्मा घेणारे उतरतात. सुभेदार दरवेळी हात द्यायला हौदाच्या कडेला असायचे, पण त्यांचे गुडघे गार पाण्याला चालत नव्हते. म्हणजे पाण्यात बाबा आणि ते दोघे. काठावरचे सगळे गाणं म्हणत असणार. बाबा थांबले तर लोक काय समजणार, हे मी दीड वर्ष बघत होते.

त्या रविवारी साक्षी होत्या. मुलाची झाली, आजींची झाली. मी पेटीवरून उठले आणि म्हणाले, मलाही बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मी पाळकाची मुलगी होते. काय बोलायचं असतं ते मला येत होतं. मी पाप, क्षमा, नवं जीवन असं सगळं नीट बोलले. त्यातलं काही खोटं होतं असंही नाही. पण मी उभी राहिले त्याचं कारण ते नव्हतं. मला पाण्यात, त्यांच्याजवळ, हाताच्या अंतरावर उभं राहायचं होतं. मंडळीनं हात वर केले. सुभेदारांच्या बायकोनं मला जवळ घेतलं.

बाप्तिस्म्याच्या आधीचा गुरुवार. सात आठवडे काही झालेलं नव्हतं. बाबा त्या दिवसांत इतके खुशीत होते की संध्याकाळी ओट्यावर बसून मला पेटीवर जुनी गाणी वाजवायला लावायचे. आई विहिरीवर गेली होती. मी बाबांना चहा दिला. त्यांनी कप उचलला आणि ते थांबले. कप तिरका झाला, चहा सदऱ्यावर सांडला, गरम होता, त्यांना कळलंही नाही. दुसऱ्या हाताची बोटं बटणाशी गेली. मी कप काढून घेतला आणि ओल्या फडक्यानं सदरा पुसत राहिले. ते परत आले तेव्हा मी पुसतच होते.

"कसा काय सांडला गं?"

"माझा धक्का लागला, बाबा."

मी असं का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचा तो खुशीतला चेहरा मला उतरवायचा नव्हता. आईलाही मी सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं रविवार होऊ दिला नसता. शुक्रवारी सांगेन म्हटलं. शनिवारी सांगेन म्हटलं. शनिवारी आई माझ्या पांढऱ्या झग्याच्या घेरात छोटे खडे शिवत बसली होती, पाण्यात कापड वर येऊ नये म्हणून, आणि मी तिला सुईत दोरा ओवून देत होते.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा असेल. सकाळी साडेआठला आम्ही काठावर होतो. पाणी संथ, तळ दिसेल असं, आणि बोचरं गार. पलीकडच्या काठावर मळीच्या रानात ऊसतोड चालली होती. तोडकरी काम थांबवून बघत होते. आजी नवं पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या, कारण आमच्यात वडील माणूस पहिलं जातं. बाबा पाण्यात उतरले. कमरेइतक्या पाण्यात गेले, वळले, आणि म्हणाले, "आजी, थांबा जरा. आधी हिला येऊ दे."

"का हो?" सुभेदारांनी विचारलं.

"येऊ दे."

मी उतरले. पायाखाली गोटे होते. बाबांनी माझ्या मानेखाली हात घातला. त्यांचा चेहरा इतका जवळ होता की हनुवटीला दाढी करताना लागलेलं मला दिसलं. मी छातीवर हातांची फुली केली. त्यांनी नावं घेतली. काठावर गाणं सुरू झालं. मी मागं गेले.

हौदात लोकांना बुडवताना मी नेहमी मोजायचे. तीनच्या आत माणूस वर यायचा. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. पाण्याखालून गाणं घुमल्यासारखं येत होतं. चार. मी अंग सैल सोडलं होतं, सोडायचं असतं म्हणून. पाच. आणि मग माझ्या मनगटावर त्यांची बोटं हलली. चाचपत, चिमटीत धरत, सोडत, पुन्हा धरत.

ते माझ्या हातावर बटण शोधत होते.

तेवढी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही. त्यांच्या हाताचा भार माझ्या छातीवर तसाच होता, झग्यातले खडे मला खाली ओढत होते. मी तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. मग मी काय केलं ते सलग आठवत नाही. मी कूस बदलली, गुडघा कशावर तरी आपटला, त्यांच्या हाताखालून सरकले आणि उभी राहिले. खोकत, नाकातोंडातून पाणी काढत. काठावर लोक टाळ्या वाजवत होते, गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं. काहींचे डोळे मिटलेले होते. बाबा माझ्यासमोर वाकलेले, हात पाण्यात, बोटं अजून हलत होती.

आणि माझ्या डावीकडून आजी येत होत्या. गुडघाभर पाण्यात पोचल्या होत्या, सुभेदारांच्या बायकोचा हात सोडून, लुगड्याचा काठ धरून. "आले, आले," म्हणत होत्या.

मी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिले. मला बोलता येत नव्हतं, खोकला थांबत नव्हता. आजींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्या थबकल्या. आईच्या हातातले टॉवेल वाळूत पडले, ती चपलांसकट पाण्यात आली.

बाबा सरळ झाले. त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी तुला वर काढलं का?" त्यांनी हळू विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. लोक गात होते. हो म्हटलं असतं तर त्यांनी आजींना बोलावलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग हात वर करून त्यांनी गाणं थांबवलं. दोघं-तिघं कडवं संपेपर्यंत गातच राहिले, मग तेही गप्प झाले. बाबा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आज यापुढं होणार नाही. मला आजार आहे. मी आत्ता माझ्या मुलीला पाण्याखाली धरून ठेवलं होतं आणि मला ते कळलं नाही. तुम्ही ज्याला प्रार्थना म्हणत होता, तो आजार आहे. ते मला सव्वा वर्षापासून ठाऊक आहे."

सुभेदारांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिले. "मी हसत होतो, साहेब," एवढंच म्हणाले. "मी अटेन्शन म्हणून हसत होतो."

पाण्यात उभ्या आजी थरथरत होत्या. त्या म्हणाल्या, "मग माझं आज न्हाई व्हय? नवं लुगडं भिजलं की अर्धं." आणि रडायला लागल्या. आईनं त्यांना धरून बाहेर आणलं.

दुपारी बाबा ओट्यावर बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि साक्षीमागचं खरं कारण सांगितलं. मग गुरुवारचं सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "चहा तुझ्या धक्क्यानं सांडला नव्हता."

"नाही."

"छातीला पोळलं होतं. नुसत्या धक्क्यानं कप सांडला तर माणूस ओरडतो. मी ओरडल्याचं मला आठवेना. तेव्हाच समजलं."

मी त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडं बघितलं.

"नदीवर जायचं रद्द करायचा मला धीर झाला नाही," ते म्हणाले. "आणि आजींना पहिलं घ्यायचाही झाला नाही."

दाराशी ओला झगा पिळत आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे माझ्या लेकीवर अंदाज घेतलात?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

"हो," बाबा म्हणाले.

तिनं झगा दोरीवर टाकला आणि ती आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती त्यांना जेवायला वाढायची, गोळी हातावर ठेवायची, पण बोलायची नाही. पुढच्या रविवारी बाबांनी हेही मंडळीला सांगितलं, मला पुढं का घेतलं ते. ते सांगताना ते व्यासपीठावर चढले नाहीत, खाली बाकांमध्ये उभे राहिले. मंडळीनं त्यांना काढलं नाही. त्यांनीच सोडलं. हौद दुरुस्त झाल्यावर सांगलीहून एक पाळक आले आणि त्यांनी आजींना आणि त्या मुलाला घेतलं. आजी पाण्यातून वर आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "झालं एवढंच?"

माझा बाप्तिस्मा झाला असं धरायचं की नाही, हा प्रश्न निघाला. पुन्हा घेतेस का, असं सांगलीच्या पाळकांनी विचारलंही. मी नको म्हणाले. पुन्हा पाठीवर पडून पाण्याखाली जाणं मला शक्य नव्हतं, आणि आजही नाही.

आम्ही सांगलीला राहायला गेलो. बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करू लागले. गोळ्या बदलल्या, थांबणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. आईचं बोलणं हळूहळू सुरू झालं. पण एक गोष्ट तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. आंघोळीला बाबांनी आतून कडी लावायची नाही आणि पाणी घेताना मोठ्यानं गात राहायचं. कुठलंही गाणं चालेल. ते गायचे, चुकीच्या सुरात, तेच ते कडवं पुन्हा पुन्हा, आणि आई स्वयंपाकघरात, मी पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत, ऐकत असायचो. आवाज थांबला की आमच्यापैकी एकीचा हात दारावर असायचा. बहुतेक वेळा आतून हसू यायचं, "अगं, साबण लावतोय!" कधीतरी ते यायचं नाही.

ते गेले ते अंथरुणात, झोपेत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आई आता त्यांची न्हाणीघरातली बादली वापरत नाही, पण ती हलवूही देत नाही. सकाळी शेजारी कुणी नळ सोडला की आम्ही दोघी हातातलं काम तसंच धरून ऐकत राहतो, आणि मग एकमेकींकडं न बघता पुन्हा कामाला लागतो.